इश्यू वन, दोनदा: सह्यांच्या वह्या घेऊन फिरताना

शेवंती

परवाच्या, नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत गर्भपाताचा हक्क मिसूरीत जिंकला, फ्लोरिडात हरला, आणि अमेरिकेतल्या आमच्या ओहायोत राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातल्या, यंदा मतदानाला असलेल्या तिन्ही जागा रिपब्लिकनांकडे गेल्या. तेव्हापासून भारतातून मेसेज सुरू आहेत, "आता तुमच्या त्या गर्भपाताच्या कायद्याचं काय होणार?" उत्तर एका ओळीत बसत नाही. शिवाय गेल्या वर्षीचं लिहायचं राहूनच गेलं होतं, म्हणून हा धागा.

२४ जून २०२२, शुक्रवार. मे महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा मसुदा फुटला होता, त्यामुळे काय येणार ते सगळ्यांना ठाऊक होतं. तरी सकाळी दहाच्या सुमारास डॉब्ज खटल्याचा निकाल आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होते आणि पुढचा अर्धा तास कोण काय बोललं ते मला आजही सांगता येणार नाही. गर्भपात हा देशभर घटनात्मक हक्क मानणारा १९७३ चा रो विरुद्ध वेडचा निकाल ५-४ अशा मतांनी रद्द झाला. त्याच संध्याकाळी ओहायोतला २०१९ चा कायदा लागू झाला, कारण तो अडवून धरणारा आदेश फेडरल न्यायाधीशांनी उठवला. सकाळी हक्क होता, रात्री नव्हता.

कायदा साधारण सहा आठवड्यांनंतर गर्भपाताला बंदी घालणारा. ऐकायला बरे वाटतात सहा आठवडे. पण ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे. ज्यांची पाळी मुळातच अनियमित, त्यांना तर कळायच्या आत मुदत संपलेली. बलात्काराचा अपवाद नव्हता. त्या उन्हाळ्यात १० वर्षांच्या एका मुलीला ओहायोतून इंडियानात न्यावं लागलं ही बातमी तुम्हीही वाचली असेल. सप्टेंबरात सिनसिनाटीच्या एका न्यायाधीशांनी कायदा तात्पुरता थांबवला, पण "तात्पुरता" या शब्दावर कुणी किती दिवस झोपणार?

मी काय केलं? दोनदा राजधानी कोलंबसला स्टेटहाउससमोर, म्हणजे विधिमंडळासमोर, जाऊन ओरडून आले. घसा बसला, कायदा तसाच. पोस्टर गराजमध्ये ठेवलं, ते अजून तिथेच आहे.

खरं काम मार्च २०२३ मध्ये सुरू झालं: गर्भपाताचा हक्क राज्याच्या घटनेत लिहायचं. ओहायोत १९१२ पासून सोय आहे: पुरेशा मतदारांच्या सह्या जमवल्या तर राज्यघटनेतली दुरुस्ती थेट मतदानाला टाकता येते, विधिमंडळाला विचारावं लागत नाही. "पुरेशा" म्हणजे यावेळी ४,१३,४८७. शिवाय ८८ पैकी किमान ४४ काउंट्यांमधून (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) ठरावीक प्रमाण यायला हवं, नुसतं कोलंबस-क्लीव्हलँडमध्ये उभं राहून भागत नाही.

आणि मग ती वही. प्रत्येक वहीत एकाच काउंटीच्या मतदारांच्या सह्या. मी डेलावेअर काउंटीत राहते, कोलंबसच्या उत्तरेला. शनिवारच्या शेतकरी बाजारात तीन काउंट्यांची माणसं येतात. त्यामुळे पिशवीत डेलावेअर, फ्रँकलिन आणि युनियन अशा तीन वह्या, आणि समोर आलेल्या माणसाला "सही कराल का?" याच्या आधी "कुठली काउंटी?" हा प्रश्न. निम्म्या लोकांना आपली काउंटी सांगताना अडखळायला होतं. पोस्टाचा पत्ता एका गावाचा आणि घर दुसऱ्या काउंटीत! सही शाईची हवी, पत्ता मतदारयादीत असेल तोच हवा, आणि माझ्या डोळ्यांसमोर व्हायला हवी. वही टेबलावर सोडून कॉफी आणायला जाता येत नाही. शेवटच्या पानावर किती सह्या माझ्यासमोर झाल्या ते मीच लिहून द्यायचं. घर बदललंय पण नोंद बदलली नाही, हे सगळ्यात जास्त. अशा माणसाची सही घ्यायची हौस आवरावी लागते, कारण ती बाद होणार हे आपल्याला माहीत असतं.

पहिल्या दिवशी चार तासांत एकोणीस सह्या. एका आजोबांनी ट्रम्पसमर्थकांची लाल टोपी सावरत सगळा मजकूर वाचून काढला. पाच मिनिटं तरी घेतली असतील. मग म्हणाले, "मला गर्भपात आवडत नाही. बायकोलाही नाही. पण हे ठरवायला स्टेटहाउसातली माणसं माझ्या नातीच्या खोलीत यायला नकोत." सही केली, पेन खिशात टाकून गेले. माझ्या मते आख्खी मोहीम त्या वाक्यात होती. मी तोवर "माझं शरीर, माझा हक्क" म्हणत होते. त्यानंतर बंद केलं. खोटं होतं म्हणून नाही. ज्यांना ते पटतं त्यांनी आधीच सही केलेली असते, म्हणून.

दुसरा प्रसंग देशी पिकनिकचा. आयोजकांनी "इथे राजकारण नको" असं बजावलं होतं, म्हणून वही गाडीतच होती. पंगतीनंतर एक काकू मला पार्किंगपर्यंत सोडायला आल्या. वय सत्तरीच्या आसपास. "मला दोन मुलं, पण दिवस चारदा गेले होते," एवढंच म्हणाल्या. मी वही काढली. त्यांनी पेन हातात घेतलं आणि विचारलं, "ही यादी कुणाला बघता येते का गं?" येते. सह्यांची यादी सार्वजनिक असते. खोटं कसं सांगणार? त्यांनी पेन परत दिलं. "यांना कळलं तर उगाच विषय निघेल." मी म्हटलं, काकू, सही सोडा, मत गुप्त असतं.

५ जुलैला सुमारे ७ लाख १० हजार सह्या जमा झाल्या. तपासणीत टिकल्या ४,९५,९३८. म्हणजे दोन लाखांहून जास्त बाद. एवढा खबरदारीचा जादा साठा का लागतो ते तेव्हा कळलं.

आणि इथे खरी गंमत. आमच्या सह्या चालू असतानाच विधिमंडळाने स्वतःची एक दुरुस्ती आणली: यापुढे घटनादुरुस्तीला साध्या बहुमताऐवजी ६० टक्के मतं लागतील, आणि सह्या ४४ नव्हे, सगळ्या ८८ काउंट्यांमधून आणाव्या लागतील. मतदान कधी? ८ ऑगस्टला. काही महिन्यांपूर्वीच याच मंडळींनी, कुणी फिरकत नाही आणि खर्च फार होतो म्हणून, ऑगस्टमधल्या बहुतेक निवडणुका बंद केल्या होत्या! त्या मतपत्रिकेवर एकच प्रश्न, म्हणून नाव "इश्यू १". नोव्हेंबरात आमची दुरुस्ती आली, तिचंही नाव "इश्यू १".

म्हणजे ऑगस्टमध्ये दारोदार जाऊन सांगायचं, इश्यू १ ला नाही म्हणा. तीन महिन्यांनी त्याच दारात जाऊन सांगायचं, इश्यू १ ला हो म्हणा. एका बाईंनी दार उघडून सरळ सांगितलं, "मी तुझं ऐकून नाही म्हणून आले, आता परत काय?" त्यांना पायरीवर बसून समजवायला वीस मिनिटं लागली. त्यात मतपत्रिकेवरचा सारांश सरकारी बोर्डाने लिहिलेला. दुरुस्तीत "गर्भ" आहे तिथे सारांशात "न जन्मलेलं मूल". कोर्टाने ते बहुतांशी चालू दिलं.

ऑगस्टमध्ये ५७ टक्के लोक नाही म्हणाले. नोव्हेंबरमध्ये ५६.८ टक्के हो म्हणाले. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. ऑगस्टमध्ये आम्ही घरी बसलो असतो, तर नोव्हेंबरात जवळपास ५७ टक्के मिळवूनही हरलो असतो. परवा फ्लोरिडात नेमकं तेच झालं: ५७ टक्के मतं, आणि पराभव, कारण तिथे ६० लागतात.

काकूंचा ऑगस्टमध्ये फोटो आला होता. मतदानानंतर देतात त्या स्टिकरचा. खाली काही लिहिलेलं नव्हतं.

---

मेतकूट

वा, शेवंतीताई. बातम्यांत नुसते टक्के दिसतात, वह्या दिसत नाहीत.

एक बाळबोध प्रश्न. राज्याराज्यांत एवढी यातायात करण्यापेक्षा वॉशिंग्टनला एकच कायदा का करत नाहीत?

---

अडाणी_वकील

@मेतकूट, प्रयत्न झाला. २०२२ मध्ये सिनेटमध्ये दोनदा मतदान झालं, फेब्रुवारीत आणि मसुदा फुटल्यावर मे महिन्यात. पुढे जायला ६० मतं हवी होती, दुसऱ्यांदा ४९-५१ झालं. म्हणजे साधं बहुमतही नाही. आणि उद्या एका काँग्रेसने (म्हणजे तिथल्या संसदेने) केंद्रीय कायदा केलाच, तर पुढची काँग्रेस केंद्रीय बंदीही करू शकते. ती दुधारी सुरी आहे.

धाग्यातला मधला मुद्दा फार महत्त्वाचा आहे, त्यात थोडी भर. फ्लोरिडाचा तो ६० टक्क्यांचा नियम २००६ मध्ये मतदारांनीच केला. किती मतांनी? साधारण ५७.८ टक्के. म्हणजे ६० टक्क्यांची अट ही स्वतःच ६० टक्के न मिळवता घटनेत बसली.

आणि मिसिसिपी. डॉब्ज खटला तिथला. निकालपत्रात म्हटलं आहे की हा प्रश्न जनतेकडे आणि तिच्या प्रतिनिधींकडे परत देतो आहोत. छान. पण मिसिसिपीच्या जनतेकडे स्वतःहून प्रश्न मतदानाला टाकायचा मार्गच उरलेला नव्हता. सह्या पाच काँग्रेस मतदारसंघांतून आणायच्या असा त्यांचा नियम, आणि जनगणनेनंतर राज्यात मतदारसंघ उरले चार. ते गणित जमेना म्हणून मे २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती सगळी प्रक्रियाच निकामी ठरवली. ते प्रकरण वैद्यकीय गांजाचं होतं, गर्भपाताचं नव्हतं! याच मिसिसिपीच्या मतदारांनी २०११ मध्ये फलित बीजाला "व्यक्ती" ठरवणारी दुरुस्ती ५८ टक्क्यांनी फेटाळली होती. विचारलं असतं तर काय म्हणाले असते कोण जाणे, पण विचारायची खिडकीच बंद.

---

निवृत्त_कारकून

लेख प्रांजळ आहे, आवडला. पण मी दुसऱ्या बाजूचा आहे, तेव्हा चार शब्द.

एक. गर्भ म्हणजे जीव आहे असं मी मानतो. माझ्यासाठी हा प्रश्न तिथेच सुरू होतो आणि जवळजवळ तिथेच संपतो. आजोबांच्या नातीच्या खोलीत सरकार नको, मान्य. पण त्या खोलीत तेव्हा एकच जीव असतो का?

दोन. कोर्टाने बंदी घातलेली नाही. "तुमचं तुम्ही ठरवा" म्हटलं. तुम्ही ठरवलंत, जिंकलात. मग हा पराभव कसला? पन्नास वर्षं नऊ न्यायाधीश ठरवत होते, आता माणसं ठरवताहेत. मला तर ही सुधारणा वाटते.

तीन. तुमच्या दुरुस्तीने नवव्या महिन्यापर्यंत मोकळीक मिळते असं ऐकलं होतं. खरं काय?

---

शेवंती

@निवृत्त_कारकून, काका (काका चालेल ना?), मोकळेपणाने लिहिलंत म्हणून बरं वाटलं. दारोदार फिरताना तुमच्यासारखी माणसं भेटली की मी जास्त वेळ थांबायचे.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. नाही. गर्भ आईच्या बाहेर जगू शकेल अशा टप्प्यानंतर राज्याला बंदी घालता येते, असं दुरुस्तीतच लिहिलं आहे. अपवाद एकच: रुग्णाच्या जिवाला किंवा तब्येतीला धोका आहे असं तिच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं मत असेल तर. सीडीसी या केंद्रीय आरोग्य संस्थेच्या आकड्यांनुसार देशातले नव्वद टक्क्यांहून जास्त गर्भपात पहिल्या १३ आठवड्यांत होतात, २१ आठवड्यांनंतरचे साधारण एक टक्का. त्या एक टक्क्यात कोण असतं? पाळणा विकत घेतलेली, नाव ठरवलेली जोडपीही असतात.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि ते कुणाच्या दारात उभं राहून सुटत नाही. मी तुमचं मत बदलायला आले नव्हते. तुमचं मत दुसरीच्या घरी कायदा म्हणून जावं का, एवढंच विचारत होते.

दुसऱ्याबद्दल: ठरवायला दिलं हे ठीक, पण ठरवायला बसलो तेव्हा पाट काढून घ्यायचा प्रयत्न झाला ना. तो ऑगस्ट विसरू नका. राज्याचे निवडणूक प्रमुख स्वतः बोलून गेले होते की ऑगस्टचा सगळा घाट नोव्हेंबरची दुरुस्ती रोखायलाच आहे.

---

निवृत्त_कारकून

काका चालेल. ऑगस्टचं मला माहीत नव्हतं. तो रडीचा डाव होता, हे मान्य. बाकी मतभेद कायम.

---

ह्यूस्टनची_चिमणी

मी टेक्ससमध्ये. आमच्याकडे वह्याच नाहीत. इथे नागरिकांना सह्या जमवून प्रश्न मतदानाला टाकताच येत नाही. त्यामुळे शेवंतीचं वाचताना हेवा वाटला, खरंच.

आमच्याकडे डॉब्जच्या आधीच, १ सप्टेंबर २०२१ पासून, तो दहा हजार डॉलरचा कायदा आहे. सहा आठवड्यांनंतर गर्भपाताला मदत करणाऱ्यावर कुणीही ऐरागैरा दावा लावू शकतो, जिंकला तर किमान दहा हजार डॉलर. मदत म्हणजे गाडीने सोडणंसुद्धा.

गेल्या वर्षी मी गरोदर होते. सगळं सुखरूप झालं, मुलगी नऊ महिन्यांची आहे. पण विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत काहीतरी शंका आली होती. मी डॉक्टरांना पोर्टलवर लिहिलं, "रिपोर्ट वाईट निघाला तर आपल्यापुढे काय पर्याय आहेत?" एरवी त्या दोन तासांत उत्तर देतात. त्या दिवशी लेखी उत्तर आलंच नाही. संध्याकाळी स्वतःच्या मोबाइलवरून फोन आला. "हे आपण बोलून करू." तीन मिनिटं बोलल्या, त्यात दोनदा म्हणाल्या, "तुमचे न्यू मेक्सिकोत कुणी नातेवाईक आहेत का?" पुढे एक अक्षर नाही. (ते शेजारचं राज्य, तिथे गर्भपात कायदेशीर आहे.) मी फोन ठेवला आणि नवऱ्याला म्हटलं, आपल्याला आत्ता काहीतरी सांगितलं गेलं, पण काय सांगितलं ते तिला सांगता आलं नाही.

दुसरा रिपोर्ट चांगला आला म्हणून मी आज हे निवांत लिहिते आहे. डॉक्टर वाईट नव्हत्या हो. घाबरलेल्या होत्या.

---

डॉ_गवतीचहा

@ह्यूस्टनची_चिमणी, आधी बाळाला आशीर्वाद.

मी स्त्रीरोगतज्ज्ञ, आता निवृत्त. एक मुद्दा भाषेचा मांडते, अवांतर वाटला तरी चालेल.

मराठीत आपण "गर्भपात झाला" म्हणतो आणि "गर्भपात केला" म्हणतो. शब्द एकच, फरक फक्त क्रियापदाचा. "झाला" म्हटलं की शेजारणी डबा घेऊन येतात. "केला" म्हटलं की कुजबुज. दवाखान्यात मात्र हा फरक पुष्कळदा दिसतच नाही. अर्धवट पडलेला गर्भ आणि थांबवलेला गर्भ, दोन्हीकडे त्याच गोळ्या, तीच पिशवी साफ करायची प्रक्रिया, तीच उपकरणं. इंग्रजी वैद्यकातही आपोआप झालेल्याला अधिकृत शब्द अबॉर्शनच आहे. म्हणून कायदा जेव्हा "केला"वर बंदी घालतो, तेव्हा "झाला"वाल्या बाईलाही टेबलावर थांबवून ठेवलं जातं. गर्भाचे ठोके चालू आहेत, पाणी गेलंय, ताप चढायला लागलाय, आणि डॉक्टर वकिलांच्या फोनची वाट बघताहेत. संसर्ग वकिलांची वाट बघत नाही.

ओहायोच्या दुरुस्तीत गर्भपाताबरोबर गर्भनिरोधक, वंध्यत्वावरचे उपचार, गर्भारपण पुढे नेणं आणि "झालेल्या" गर्भपातावरचे उपचार अशा पाचही गोष्टी एकाच वाक्यात लिहिल्या आहेत. ज्याने कुणी ते वाक्य लिहिलं त्याला दवाखाना कळत होता. यावर्षी फेब्रुवारीत अलाबामाच्या कोर्टाने गोठवलेल्या भ्रूणांना मुलं ठरवल्यावर तिथली टेस्ट ट्यूब बेबीची केंद्रं कामं थांबवून बसली होती, तेव्हा मला त्या वाक्याची आठवण झाली.

आणि गोळ्यांबद्दल. आता अमेरिकेत निम्म्याहून जास्त गर्भपात गोळ्यांनी होतात. त्यातल्या मिफेप्रिस्टोन या गोळीला २००० साली मंजुरी मिळाली. ती मंजुरी खिळखिळी करायचा खटला याच जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने बाहेर काढला, पण का, ते बघा: फिर्यादी डॉक्टरांचं स्वतःचं काही नुकसान झालेलं नाही म्हणून. गोळी योग्य की अयोग्य यावर कोर्ट काहीच बोललं नाही. दुसरा फिर्यादी आला की पहिले पाढे पंचावन्न.

---

बेळगावकर

"झाला"वाल्या बाईवरून सविता हालप्पनवर आठवली. माहेर आमच्या बेळगावचं. १७ आठवड्यांची गरोदर, आयर्लंडमध्ये. गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट होतं, तिने स्वतः मागितलं, पण ठोके चालू आहेत म्हणून थांबवलं. २८ ऑक्टोबर २०१२ ला सेप्सिसने गेली. स्वतः दंतवैद्य होती, आपल्याला काय होतंय हे तिला कळत असणार.

तेव्हा इथे मेणबत्त्या लागल्या, पण त्याने काय होणार असं आम्हाला वाटलं होतं. २५ मे २०१८ ला आयर्लंडने ६६ टक्के मतांनी गर्भपात रोखणारी आठवी घटनादुरुस्ती काढली. १९८३ मध्ये तितक्याच जोरात घातलेली. पस्तीस वर्षांत देश उलटा फिरला. डब्लिनमध्ये भिंतीवर तिचं चित्र काढलं होतं, लोक त्यावर चिठ्ठ्या चिकटवून गेले.

---

पेठेतला

हे सगळं वाचून एक कळलं, आपला भारत बरा. १९७१ पासून कायदा आहे, कुणी रस्त्यावर उतरलं नाही, कुणी वह्या घेऊन फिरलं नाही. अमेरिकेने आपल्याकडून शिकावं.

---

अडाणी_वकील

@पेठेतला, कायदा आहे आणि जुना आहे, हे खरं. पण बारीक अक्षरं वाचा. आपल्याकडे गर्भपात हा मुळात गुन्हा आहे, आधी दंडसंहितेचं कलम ३१२, आता न्याय संहितेचं ८८. १९७१ च्या कायद्याने डॉक्टरला त्यातून सूट दिली. बाईला हक्क दिला असं त्यात कुठेही थेट लिहिलेलं नाही. डॉक्टरांचं मत पडलं तर होतं. २००८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात एक जोडपं आणि त्यांचे डॉक्टर गेले होते, गर्भाच्या हृदयात दोष, २० आठवडे उलटलेले. परवानगी नाकारली. काही प्रकारच्या स्त्रियांसाठी मर्यादा २४ आठवड्यांवर जायला २०२१ उजाडलं, आणि गंभीर व्यंग असेल तर मर्यादा उठली पण मेडिकल बोर्ड बसलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २६ आठवड्यांच्या एका प्रकरणात आधी दिलेली परवानगी मागे घेतली. म्हणजे कोर्टाचे धक्के इथेही आहेत, फक्त ते एकेका बाईला बसतात, म्हणून मोर्चा निघत नाही.

धाग्याचा विषय ओहायो आहे, इथेच थांबतो.

---

रिकामटेकडा

सगळे फार भावुक झालेत म्हणून थोडं पाणी ओततो. हा सगळा डेमोक्रॅट पक्षाचा मतांचा धंदा होता. दोन वर्षं "गर्भपात, गर्भपात" केलं, आणि परवा काय झालं? मिसूरीच्या मतदारांनी गर्भपाताच्या हक्काला ५१-५२ टक्के दिले आणि त्याच दिवशी, त्याच मतपत्रिकेवर ट्रम्पना १८ टक्क्यांनी पुढे काढलं. ज्यांनी रो पाडणारे न्यायाधीश नेमले त्यांनाच. मग तुमच्या चळवळीने नक्की काय कमावलं? आणि ओहायोचं तेच. दुरुस्ती जिंकलात, कोर्ट हरलात. आता त्या दुरुस्तीचा अर्थ कोण लावणार?

---

शेवंती

@रिकामटेकडा, पाणी गार आहे पण खोटं नाही.

पक्षाचं म्हणाल तर आम्ही दारात पक्षाचं नाव मुद्दाम घेत नव्हतो. ऑगस्ट २०२२ मध्ये कॅन्सासने रस्ता दाखवला होता. ट्रम्पना साधारण १५ टक्क्यांनी निवडून देणारं राज्य, तिथे गर्भपाताचं संरक्षण घटनेतून काढायचा प्रस्ताव ५९ टक्क्यांनी पडला. त्यांच्या जाहिरातींत भर होता सरकारी ढवळाढवळीवर. आमचं ओहायो ट्रम्पना दोनदा ८ टक्क्यांनी निवडून देणारं. डेमोक्रॅटांच्या भरवशावर ५७ टक्के इथे कुठून आणणार? तो आकडा लाल टोपीवाल्या आजोबांशिवाय होतच नाही. त्यामुळे त्याच आजोबांनी परवा कुणाला मत दिलं याचं मला आश्चर्य नाही. त्यांनी मला सही दिली होती, मन नव्हतं दिलं.

पण तुमच्या शेवटच्या प्रश्नापाशी मी अडते. आता आमच्या सर्वोच्च न्यायालयात सातपैकी सहा रिपब्लिकन. आत्तापर्यंत दुरुस्तीने काम केलंय: ऑगस्टमध्ये २४ तास थांबायला लावणारा नियम एका न्यायाधीशांनी रोखला, आणि गेल्या महिन्यात सिनसिनाटीच्या न्यायालयाने तो सहा आठवड्यांचा कायदा कायमचा रद्द ठरवला. दोन्ही खालची कोर्टं. वर गेल्यावर काय, ते बघायचं.

आणि यात आमची चूक आहे, ती लिहायला हवी. गेल्या नोव्हेंबरात जिंकलो त्या रात्री आमच्या गटात दीडशेच्या वर लोक होते. यावर्षी न्यायाधीशांच्या निवडणुकीसाठी दारं ठोठवायला आमच्या गटातून आले अकरा. अकरा! "ते झालं ना गेल्या वर्षी," असं मला निदान वीस जणींनी सांगितलं. मतपत्रिकेवर न्यायाधीशांची नावं तळाला असतात, लोक तिथपर्यंत पोचतच नाहीत. विस्कॉन्सिनने एप्रिल २०२३ मध्ये एका न्यायाधीशाच्या जागेसाठी आख्खं राज्य हलवलं होतं, ११ टक्क्यांनी जिंकले. आम्ही ते बघून टाळ्या वाजवल्या आणि शिकलो नाही.

---

मेतकूट

अकरा हा आकडा वाचून गप्प झालो.

ताई, माझी बहीण मिसूरीत असते. तिथलं विधिमंडळ ही दुरुस्ती उलटवायला परत मतदान आणेल असं ती म्हणते, आणि तिला यावेळी नुसतं मत देऊन थांबायचं नाही. पण तिने असं काही कधी केलेलं नाही, बोलायला बुजते. तिला काय सांगू?

---

शेवंती

बुजणारी माणसं दारात जास्त चांगली, ती ऐकतात.

तिला सांग, झाकणाखाली कप्पा असलेला क्लिपबोर्ड घे, पावसात कागद आत ढकलता येतात. दोन मोठ्या चिमट्या, वाऱ्यासाठी. काळी पेनं डझनभर, लोक घेऊन जातात. पाण्याची बाटली, टोपी, आणि बूट नवे नकोत. सह्यांची वही असेल तर दुसऱ्याच्या रकान्यात स्वतः काही लिहू नको, आपुलकीने लिहिलेला पत्ताही सही बाद करू शकतो. तिथले नियम वेगळे असतील, आधी विचारून घे. कुत्रा असलेल्या घरी बेल वाजवून दोन पायऱ्या मागे उभी राहा.

आणि कुणी "यादी कुणाला दिसते का" विचारलं, तर खरं सांग.